राउटरचं फर्मवेअर बदलून देण्याचा जोडधंदा : सुरू करण्याआधी माझी ही चूक वाचा



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता : "सर, राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी टाकून देण्याचं काम तालुक्याच्या गावात चालेल का?" विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मोबाईल रिपेअरिंग किंवा सीसीटीव्हीचं काम करणारे आहेत. उत्तर आहे, चालेल. पण व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते आज लिहून देतो. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण ही फजिती मला पैशात मोजावी लागली.

पीक विम्याची मुदत आणि बंद पडलेला डबा

पाथर्डीत मी ट्रेनिंग सुरू करण्याआधी नेटवर्किंगची छोटी-मोठी कामं घ्यायचो. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्राचा राउटर मीच बसवला होता आणि त्यात ओपनडब्ल्यूआरटीही मीच टाकलं होतं. वर्षभर सुरळीत चाललं. मग एक दिवस त्या दुकानात दुसऱ्याच कामाला गेलो होतो. म्हटलं, आलोच आहे तर नवीन व्हर्जन टाकून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

दिवस कोणता होता? पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस बाकी. दुकानाबाहेर सातबारा, बँक पासबुक, आधार हातात घेऊन शेतकरी उभे. त्यात तिसगाव, खरवंडी, माणिकदौंडी भागातून आलेली माणसं. मी घाईत फाईल डाउनलोड केली. राउटरचं नाव बरोबर होतं, पण हार्डवेअर व्हर्जन दुसरं. अपडेटच्या पानावर लाल अक्षरात इशारा आला की ही फाईल या उपकरणाची दिसत नाही. खाली एक चौकट होती : तरीही जबरदस्तीने टाका. मला वाटलं, नेहमीची कटकट आहे. मी टिक केली.

दिवे लागले, विझले आणि परत लागलेच नाहीत.

मालकाने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं काम चालवलं, पण तीन कॉम्प्युटर एका मोबाईलवर कितीसे पळणार? रांग हलेना. मी गाडी काढली, नगर गाठलं, नवीन राउटर विकत घेतला, परत आलो, सेटिंग केलं. तोवर संध्याकाळ झाली होती. बरीचशी माणसं परत गेली होती. त्यातल्या काहींना दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचं तिकीट काढून यावं लागलं. राउटरचे पैसे माझ्या खिशातून गेले ते गेलेच, पण एक म्हातारे बाबा जाताना म्हणाले ते जास्त लागलं : "चालत होतं ना पोरा, मग हात कशाला लावला?"

या धंद्याचा पहिला नियम त्या बाबांनी मला फुकटात दिला. आता पुढचं वाचा.

आधी समजून घ्या : हे फर्मवेअर प्रकरण आहे काय

राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे आणि साठवणुकीची एक चिप आहे. या चिपमध्ये बसवलेली सिस्टिम म्हणजे फर्मवेअर. कंपनी ते देते, एक-दोन वर्षं अपडेट देते आणि मग नवीन मॉडेल आलं की जुन्याकडे बघणं बंद करते.

इथे ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म समजून घेणं गमतीचं आहे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळा-काळा राउटर २००२ च्या शेवटी बाजारात आला. काही जाणकारांच्या लक्षात आलं की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना, म्हणजे जीपीएल, सांगतो की आमचा कोड वापरून वस्तू विकत असाल तर तो कोड ग्राहकांना खुला करा. आग्रह झाला आणि २००३ मध्ये कंपनीने कोड खुला केला. त्या कोडमधून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच आहे. पुढे २०१६ मध्ये काही जण वेगळे होऊन लीड नावाचा प्रकल्प घेऊन बसले आणि २०१८ मध्ये दोघं परत एकत्र आले. आज हजारहून जास्त उपकरणांवर ते चालतं. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही त्याच काळातली भावंडं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या धंद्याशी काय संबंध? संबंध असा की कंपनीने सोडून दिलेला राउटर वापरात राहिला, तर तो चोराला उघडं दार असतो. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर उघडकीस आला. किमान ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं त्याने धरली होती आणि त्यात घरात, दुकानात वापरतात ते साधे राउटरच जास्त होते. तुमच्या गिऱ्हाइकाच्या दुकानात आधार, पॅन, बँकेची माहिती रोज त्याच डब्यातून जाते. म्हणून अपडेट महत्त्वाचं. पण अपडेट कधी आणि कसं, हे त्याहून महत्त्वाचं.

तक्रार आली की लगेच फर्मवेअरला हात लावू नका

"नेट चालत नाही" ही तक्रार फोनवर नेहमी सारखीच ऐकू येते. कारणं मात्र वेगवेगळी असतात आणि त्यातली बहुतेक फर्मवेअरची नसतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच क्रम पाठ करायला लावतो.

१. अॅडॅप्टर. राउटर सारखा बंद-चालू होतोय? आधी दुसरा अॅडॅप्टर लावून बघा. व्होल्टेज तेवढंच हवं, म्हणजे १२ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टच. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आपल्याकडे वीज कमी-जास्त होत असल्याने अॅडॅप्टर आधी जातो आणि दोष राउटरला मिळतो.

२. फायबरचा डबा. घरात फायबर येते त्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाशच येत नाहीये. वायर वाकलीय, तुटलीय किंवा पलीकडून बंद आहे. हे तुमचं काम नाही, ऑपरेटरला फोन लावून द्या. उगाच राउटर उघडून बसू नका.

३. लॅपटॉप केबलने जोडा. केबलवर नेट नीट चालतंय आणि वायफायवर नाही, म्हणजे दोष हवेतला आहे : जागा, भिंत, चॅनेल. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांना न खेटता चालतात. शेजारच्या तिन्ही दुकानांत ६ असेल तर तुम्ही १ किंवा ११ वर जा. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याला चिकटून असेल तर आधी तिथून काढा. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेला राउटर दुपारी झोपतो आणि संध्याकाळी उठतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

४. तीन पिंग. आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा. मग ८.८.८.८ ला. मग एखाद्या वेबसाईटच्या नावाला. पहिलाच अडला तर दोष तुमच्या केबलमध्ये किंवा राउटरमध्ये. पहिला चालला, दुसरा अडला तर दोष लाईनचा किंवा पीपीपीओई लॉगिनचा. दोन्ही चालले, तिसरा अडला तर डीएनएसचा. या तीन पिंगांत अर्धं निदान होतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस जाणकार आहे.

५. काही साईट उघडतात, काही नाही. पीपीपीओई लाईनवर एमटीयू १४९२ असतो, साध्या लाईनवर १५००. मध्ये कुठे हा आकडा चुकला की काही पानं अर्धवट उघडून लटकतात.

एवढं करूनही दोष राउटरच्या सिस्टिमचाच निघाला, तर पुढे जा. आणि हो, तपासणीचे पैसे घ्या. नुसता अॅडॅप्टर बदलून काम झालं तरी तुमचं ज्ञान वापरलं गेलंय.

राउटर निवडताना : नाव बघू नका, चिठ्ठी बघा

राउटर उलटा करा. खाली चिठ्ठी असते, तिच्यावर मॉडेलसोबत व्हर्जन लिहिलेलं असतं. या व्हर्जनमध्येच सगळा खेळ आहे. उदाहरण घ्या. टीपी-लिंकचा आर्चर सी ६ : व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची. बाहेरून नाव एक, आतून माणूसच वेगळा. एकाची फाईल दुसऱ्याला टाकणं म्हणजे डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरणं. माझं त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट, जागा. ज्या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे, त्याच्या नादी लागू नका. नव्या व्हर्जन त्यात मावत नाहीत. असे जुने स्वस्त राउटर घरोघरी कपाटावर पडलेले असतात आणि नवशिका उत्साहाने ते गोळा करतो. भंगार ते भंगारच. किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असलेलाच धरा.

तिसरी, चिप. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपांना ओपनडब्ल्यूआरटीमध्ये चांगला आधार आहे. ब्रॉडकॉमच्या चिपेवर वायफायची रड असते. घ्यायच्या आधी प्रकल्पाच्या साईटवरच्या हार्डवेअर यादीत तुमचं मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही शोधा. यादीत नसेल तर विषय संपला.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याला हात लावायचा नाही. तो गिऱ्हाइकाचा नसतो, कंपनीचा असतो. तो तसाच ठेवा आणि त्याच्या मागे आपला राउटर जोडा.

अपडेटची पद्धत : माझ्या भिंतीवर चिकटवलेला कागद

त्या प्रसंगानंतर मी एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. तोच इथे देतो.

कामाच्या आधी

- वेळ ठरवा. दुकान बंद झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी. फॉर्मच्या मुदतीत नाही, परीक्षेच्या निकालादिवशी नाही. मोहटादेवीच्या नवरात्रात तिथल्या दुकानदाराचा आणि मढीच्या यात्रेत मढीतल्या दुकानदाराचा राउटर उघडायचा नाही. त्यांचा तो वर्षाचा धंदा असतो.
- पर्यायी राउटर सोबत न्या. आधीच सेटिंग करून ठेवलेला. काही बिघडलं तर दहा मिनिटांत दुकान चालू झालं पाहिजे.
- मिनी यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप दोन्ही ठेवा. फाईल लिहिली जात असताना वीज गेली तर राउटर अर्धवट मेंदूचा होतो.
- सेटिंगचा बॅकअप काढा आणि लॅपटॉपवर ठेवा. पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव हे कागदावरही लिहा. काम झालं की पासवर्डचा कागद मालकाला द्या, आपल्याकडे ठेवू नका.
- कोणती जादा पॅकेजेस टाकलीत त्याची यादी करा. अपडेटनंतर सेटिंग राहतं, पण ही पॅकेजेस उडतात. परत टाकावी लागतात.

फाईल घेताना

- फाईल फक्त प्रकल्पाच्या अधिकृत साईटवरून. ग्रुपवर कोणी पाठवलेली नाही.
- फाईली दोन प्रकारच्या असतात. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जायचं तर 'फॅक्टरी' नावाची. आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर 'सिसअपग्रेड' नावाची. काही राउटरना पहिल्या वेळेला वेगळीच पद्धत लागते, ती त्या मॉडेलच्या पानावर लिहिलेली असते. ते पान पूर्ण वाचा.
- फाईलचा एसएचए २५६ आकडा साईटवरच्या आकड्याशी जुळवा. एक अक्षर वेगळं निघालं तर फाईल टाकून द्या आणि परत उतरवा.

टाकताना

- केबलने जोडून. वायफायवरून कधीच नाही.
- इशारा आला तर थांबा. जबरदस्तीची चौकट दिसली की हात मागे घ्या. इशारा का आला हे कळत नाही तोवर पुढे जायचं नाही.
- एक मोठी मालिका एका वेळी. २१.०२ मालिका २०२१ मध्ये आली, २२.०३ ही २०२२ मध्ये, २३.०५ ही २०२३ मध्ये आणि २४.१० ही फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधल्या पायऱ्या गाळून, जुनं सेटिंग तसंच ठेवून उडी मारली की सेटिंग गोंधळतं. फारच जुनं असेल तर सेटिंग न ठेवता स्वच्छ टाका आणि कागदावरून परत भरा. वीस मिनिटं जास्त जातील, पण दोन दिवसांची डोकेदुखी वाचेल.
- दिवे लुकलुकत असताना प्लग काढायचा नाही. पाच मिनिटं घड्याळ लावून बसा. चहा प्या. मधेच बटण दाबलंत तर तो चहा फार महाग पडेल.

आणखी एक सवय मोडा. आतल्या सगळ्या पॅकेजेस एकत्र निवडून "सगळं अपग्रेड" असं मोबाईलसारखं करू नका. राउटरची जागा छोटी असते, ती भरते आणि काही जुनी, काही नवी अशी खिचडी होऊन राउटर अडकतो. अपडेट करायचं तर पूर्ण फर्मवेअरचं.

टाकल्यावर येणाऱ्या नेहमीच्या तक्रारी

*"वायफायच दिसत नाही."* घाबरू नका. पहिल्यांदा टाकल्यावर बहुतेक राउटरवर वायफाय बंदच असतं. केबलने जोडून १९२.१६८.१.१ या पत्त्यावर जा (टाइप करताना आकडे इंग्रजी घ्या). सुरुवातीला पासवर्ड नसतो, म्हणून पहिलं काम पासवर्ड टाकण्याचं. मग वायफाय चालू करा, सुरक्षेत डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडा आणि देश भारत निवडा. देश उगाच दुसरा निवडून ताकद वाढवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्‌झच्या बऱ्याचशा पट्ट्याला २०१८ पासून परवाना लागत नाही, पण ताकदीच्या मर्यादा आहेतच.

*"वायफाय जोडलं जातं, पण नेट येत नाही."* इथे दहा जण अडकतात. फायबरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राउटरचाही तोच! एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करणार? तुमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. एवढ्याने काम होतं.

*"पासवर्ड विसरलो" किंवा "सेटिंग चुकलं आणि आत जाता येत नाही."* ओपनडब्ल्यूआरटीमध्ये फेलसेफ नावाचा मागचा दरवाजा आहे. राउटर चालू करा, सुरुवातीला दिवा भराभर लुकलुकायला लागला की बटण दाबा. दिवा आणखी जोरात लुकलुकला की तुम्ही आत. लॅपटॉपला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने द्या आणि पुटीसारख्या प्रोग्रॅमने १९२.१६८.१.१ वर जा. या अवस्थेत नेहमीचं वेबपान उघडत नाही, फक्त काळी खिडकी मिळते. तिथून पासवर्ड बदलता येतो किंवा सगळं मूळ स्थितीत नेता येतं.

*"काहीच होत नाही, फक्त पॉवरचा दिवा."* इथेही सगळं संपलेलं नसतं. बऱ्याच राउटरच्या बूटलोडरमध्ये टीएफटीपीची सोय असते. म्हणजे लॅपटॉपला ठरावीक पत्ता द्यायचा, फाईलला ठरावीक नाव द्यायचं, रीसेट दाबून राउटर चालू करायचा आणि तो स्वतः फाईल ओढून घेतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो. नाव आणि पत्ता मॉडेलनुसार बदलतो, तेव्हा आधी त्या मॉडेलचं पान बघा.

त्याहीपुढे सिरीयल पिना आहेत. यूएसबी ते टीटीएल केबल ३.३ व्होल्टचीच घ्यायची, राउटरला वीज त्याच्या स्वतःच्या अॅडॅप्टरनेच द्यायची, म्हणजे केबलची पॉवरची वायर मोकळी सोडायची. आणि शेवटचा उपाय, चिप प्रोग्रॅमर. मोबाईल रिपेअरिंगवाल्यांनो, सोल्डरिंग तुमच्या हातात आहेच. इथे तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांपेक्षा चार पावलं पुढे आहात, हे लक्षात ठेवा. माझा बंद पडलेला तो डबा शेवटी असाच सिरीयल केबलने जिवंत झाला. तो आजही माझा पर्यायी राउटर आहे. बॅगेत कायम असतो.

आता हिशोब : यातून पैसे किती?

इथे मी तुम्हाला स्वप्नं विकणार नाही. फक्त फर्मवेअर टाकून पाथर्डीत घर चालणार नाही. हा जोडधंदा आहे. मोबाईल रिपेअरिंग, सीसीटीव्ही, कॉम्प्युटर विक्री किंवा प्रिंटिंगच्या कामाला तो जोडा, मग तो शोभतो.

दर कसा ठरवायचा? शेजारचा काय घेतो ते बघून नाही. तीन गोष्टी मांडा : वेळ, प्रवास आणि जोखीम. समजा तुमच्या तासाची किंमत तुम्ही १५० रुपये धरली. दोन तासांचे ३००. तिसगावला जाऊन-येऊन पेट्रोलचे ६०. राउटरची किंमत १,८०० असेल तर दर कामामागे त्याच्या दहा टक्के, म्हणजे १८०, जोखमीसाठी बाजूला. बेरीज ५४०. याच्या खाली काम घेतलं तर तुम्ही स्वतःच्या खिशातून समाजसेवा करताय. हा जोखमीचा १८० वेगळ्या डब्यात ठेवा. दहा कामांनंतर त्यात एका नव्या राउटरचे पैसे जमलेले असतील. माझ्याकडे त्या दिवशी हा डबा असता, तर नगरचा राउटर मला एवढा जड गेला नसता.

खरा पैसा मात्र एकेका कामात नाही, वार्षिक देखभालीत आहे. घरांच्या मागे लागू नका. ज्यांचा गल्ला नेटवर चालतो त्यांच्याकडे जा : ऑनलाइन सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, क्लासेस, दवाखाना, मेडिकल, लॉज. वर्षाला १,२०० रुपये, त्यात दर तीन महिन्यांनी एक फेरी, वर्षातून गरजेप्रमाणे अपडेट आणि बिघडल्यास पर्यायी राउटर. असे १५ दुकानदार धरलेत तर वर्षाला १८,००० रुपये. मोठी रक्कम नाही. पण त्याच १५ जणांचा कॅमेरा, प्रिंटर, इन्व्हर्टर यांचं काम कोणाकडे येणार? तुमच्याकडेच. त्यांना विकायचा आहे तो विश्वास. राउटर हे निमित्त.

कागदावरच्या चार गोष्टी

एक, काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाची सही घ्या : कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, काम किती वेळ चालेल, पर्यायी राउटर मिळेल. साधी मराठीत अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरे.

दोन, ओपनडब्ल्यूआरटी फुकट आहे, तुमची सेवा फुकट नाही. सेवेचे पैसे घेणं पूर्ण योग्य आहे. पण "आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर" असं सांगू नका. आणि फर्मवेअर टाकून तयार राउटर विकायला लागलात, तर मूळ कोड मागणाऱ्याला देण्याची जबाबदारी जीपीएलनुसार तुमच्यावर येते. ज्या नियमामुळे हे फर्मवेअर जन्माला आलं, तो नियम आपणही पाळायचा.

तीन, घरगुती कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना वायफाय विकू नका. तो परवान्याचा विषय आहे. लोकांना वायफाय विकायचंच असेल तर सरळ मार्ग आहे : केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना. त्यात किराणावाला, चहावाला, कोणीही सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे पीडीओ होऊ शकतो आणि पीडीओला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. नोंदणीकृत पीडीओएशी जोडून घ्यावं लागतं, एवढंच. यात्रेच्या गावांसाठी हा वेगळा धंदा आहे. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.

चार, उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

गावात हे होऊ शकतं का?

काही जणांना अजून वाटतं, ही शहरातली कामं. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग नावाचा प्रकल्प चालवला. फायबर पोचत नव्हती त्या गावांपर्यंत बिनतारी उपकरणांनी इंटरनेट नेलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आयआयटीची माणसं उपकरण बनवतील, पण ते गावात चालू ठेवायला गावातलंच कोणीतरी लागतं. त्या कोणाची तरी जागा आपल्या तालुक्यात अजून रिकामी आहे. ऊसतोडीला आईबाप बाहेरगावी असतात आणि पोरं मागे आजीकडे शिकतात, अशा गावांत रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉल लागणं ही चैन नाही. तो कॉल लागला पाहिजे, एवढं पाहणारा माणूस गावाला हवाच असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातला किंवा ओळखीचा एक जुना राउटर घ्या. उलटा करून मॉडेल, व्हर्जन लिहा आणि हार्डवेअर यादीत शोधा.
२. तो यादीत असेल तर फर्मवेअर टाका, मुद्दाम सेटिंग बिघडवा आणि फेलसेफमधून परत आणा. हे तीन वेळा करा.
३. तीन पिंगांचा क्रम न बघता सांगता आला पाहिजे.
४. मगच पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहा. बॅगेत पर्यायी राउटर घेऊन.

आणि कोणाच्याही दुकानात शिरताना स्वतःला आधी तो प्रश्न विचारा, जो मला त्या बाबांनी विचारला होता : चालत असलेल्याला हात का लावतोय? उत्तर पक्कं असेल, वेळ योग्य असेल आणि माघारीचा रस्ता तयार असेल, तर बिनधास्त लावा. नसेल तर चहा पिऊन परत या. तेही धंद्यातलंच शहाणपण आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर शिकत राहा, कमवत राहा!